वाटाण्याचा अंकुर आणि हलणारी चित्रे

कार्टून पाहिले नाही असे मूल आज शोधून सापडणार नाही. पण चित्र हलते कसे, हा प्रश्न वर्गात क्वचितच निघतो. निघालाच तर 'दृष्टिसातत्य' हा शब्द सांगून आपण मोकळे होतो. डोळ्यातील पडद्यावर प्रतिमा क्षणभर टिकते, चित्रे एकमेकांत मिसळतात आणि म्हणून हालचाल दिसते, असे हे उत्तर. ते अर्धेच बरोबर आहे.

दोन खेळ करून पाहा. पुठ्ठ्याची गोल चकती घ्या. एका बाजूला पक्षी काढा, दुसऱ्या बाजूला पिंजरा. दोन्ही कडांना दोरा बांधून चकती भराभर फिरवा. पक्षी पिंजऱ्यात बसलेला दिसतो. येथे प्रतिमा खरोखरच मिसळल्या, पण हालचाल मुळीच दिसली नाही. आता जुन्या वहीच्या कोपऱ्यांवर एक चेंडू काढा, प्रत्येक पानावर थोडा वर सरकवलेला. अंगठ्याने पाने सोडा. चेंडू वर जातो. नुसत्या प्रतिमा मिसळल्या असत्या, तर चेंडूंची एक लांबट, पुसट माळ दिसायला हवी होती. तशी ती दिसत नाही.

धंतोलीतील एका शाळेत हे दोन खेळ झाल्यावर सातवीतल्या एका मुलीने विचारले, "म्हणजे चेंडू हललाच नाही?" प्रश्न नेमका आहे. मॅक्स वर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये याच प्रश्नावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्याने दोन रेषा एकीमागून एक दाखवल्या. मधले अंतर सेकंदाच्या सुमारे तिसाव्या भागाइतके कमी असेल, तर दोन्ही रेषा एकदमच दिसत. पाचव्या भागाइतके जास्त असेल, तर आधी एक व मग दुसरी. मधल्या टप्प्यात, सुमारे सोळाव्या भागाला, एकच रेषा इकडून तिकडे सरकताना दिसे. ही गती कागदावर नसते. मेंदू ती दोन चित्रांच्या मध्ये भरतो.

योगायोग असा, की त्याच १९१२ साली मुंबईत दादासाहेब फाळके कुंडीतल्या वाटाण्याची चित्रे घेत होते. लंडनहून कॅमेरा आणला होता, विम्याच्या पॉलिस्या गहाण पडल्या होत्या आणि पूर्ण लांबीच्या चित्रपटासाठी पैसे देणारा हवा होता. त्यांनी अंकुराच्या वाढीचा छोटा चित्रपट तयार करून लोकांना दाखवला. पैसे उभे राहिले आणि ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. पुढे त्यांनी आगकाड्या एकेक करून सरकवून 'आगकाड्यांची मौज' हा चित्रपटही केला. आज मुले मोबाइलने मातीच्या बाहुल्यांची चित्रे घेतात, ती रीत हीच.

अंकुराच्या चित्रपटाची हकिकत बहुधा अशी सांगतात, की महिनाभर रोज एक चित्र घेतले आणि मिनिटाहून थोडा मोठा चित्रपट झाला. ही हकिकत वर्गात गणित म्हणून घालावी. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ चित्रे चालत. ३० चित्रे म्हणजे जेमतेम दोन सेकंद! एका मिनिटाला ९६० चित्रे लागतात. ती ३० दिवसांत वाटली तर दिवसाला ३२, म्हणजे रात्रंदिवस दर पाऊण तासाला एक. तेव्हा एक तर चित्रपट फार छोटा असेल, किंवा फाळक्यांनी सांगितले जाते त्यापेक्षा पुष्कळ अधिक कष्ट घेतले असतील. माझा कल दुसरीकडे आहे. दोन सेकंदांचे दृश्य पाहून कोण पैसे देणार?

पुढे सेकंदाला २४ चित्रे हे प्रमाण ठरले. चित्रकार बहुधा एकच चित्र दोनदा घेतात, म्हणून सेकंदाला १२ चित्रे भागतात. विजया मुळे यांची 'एक अनेक और एकता' (१९७४) ही दूरदर्शनमुळे घराघरांत पोहोचलेली फिल्म सुमारे सात मिनिटांची आहे. त्या हिशेबाने पाच हजारांवर चित्रे होतात. पार्श्वभूमी तीच ठेवून फक्त हलणारा भाग बदलला, तर हे काम आटोक्यात येते.

चित्रकथेच्या पुस्तकात मात्र सगळी गोष्ट पंधरा-वीस चित्रांत बसवावी लागते. माधुरी पुरंदरे यांची पुस्तके मुलांसमोर उघडून पाहा. एका पानावर मूल दारात, पुढच्या पानावर ते घरात. मधले चालणे कोणी काढलेले नसते. फिल्ममध्ये मेंदू नकळत सेकंदाचा बारावा भाग भरतो. पुस्तकात पान उलटताना मूल जाणूनबुजून तासही भरते, दिवसही. म्हणून वाचताना पान उलटण्याआधी थोडे थांबावे. घाईने वाचणारे शिक्षक गोष्टीतला हाच भाग गाळतात.

वाटाण्याचा प्रयोग आपल्याकडे थंडीत करावा. नागपूरच्या उन्हाळ्यात रोप करपून जाईल. दिवाळीची सुटी संपली की कुंडीत दोन-तीन दाणे पेरा. एका तुकडीने रोज ठरलेल्या वेळी पट्टीने उंची मोजून वहीच्या कोपऱ्यावर चित्र काढावे. रोप वीतभर झाल्यावर दुसऱ्या तुकडीने एक दिवस शाळेच्या वेळात दर पंधरा मिनिटांनी शेंड्याची दिशा टिपावी. वाटाण्याचा शेंडा आधार शोधत हवेत फेऱ्या घालतो. डार्विनने त्या मोजल्या होत्या. एका फेरीला साधारण दीड-दोन तास लागतात. रोजच्या चित्रांच्या वहीत शेंडा नुसता इकडून तिकडे उड्या मारताना दिसेल, दुसरीत तो फिरताना दिसेल. दोन्ही वह्या शेजारी ठेवा आणि एकच रोप असे दोन तऱ्हांनी का हलले, ते मुलांनाच विचारा.