अय्यो पाप!

बुऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यावरून खाली तापी दिसते. दिवाळीच्या सुटीत आम्ही सहकुटुंब तिथे गेलो होतो. तिथे सगळ्यांना मुमताज महल आठवते, कारण १६३१ मध्ये ती याच गावी वारली. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याला मात्र भलतेच सन आठवतात! १६४१ मध्ये ताव्हर्निए हा फ्रेंच व्यापारी आग्र्याहून सुरतेला जाताना इथे थांबला. इथले तलम कापड इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जाते, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्याच वर्षी पॅरिसमध्ये रने देकार्तचे ‘मेडिटेशन्स’ छापले गेले. ज्याविषयी शंका घेता येते ते बाजूला ठेवा, उरेल त्यावर ज्ञान उभारा, ही त्याची रीत.

पुस्तकाबरोबर आक्षेपही छापले होते, आपल्या पूर्वपक्ष-उत्तरपक्षासारखे. आक्षेपकांत एक होता पिएर गासेंदी. देकार्तच्या मते जनावर म्हणजे घड्याळासारखे यंत्र. गासेंदीचे म्हणणे, माणूसही प्राण्यांतलाच, फक्त पहिल्या नंबरचा. जनावराला त्याच्यापुरती बुद्धी असतेच.

१६५८ मध्ये औरंगजेब बुऱ्हाणपूरहूनच सिंहासनाच्या लढाईसाठी उत्तरेकडे निघाला. त्या धामधुमीच्या काळातच गासेंदीचा शिष्य डॉ. फ्रान्स्वा बर्निए हिंदुस्थानात आला आणि पुढे दिल्लीत दानिशमंद खान या उमरावाकडे नोकरीस राहिला. खानाला सकाळी दरबारचे काम आणि दुपारी तत्त्वज्ञान लागे. त्याच्यासाठी बर्निएने देकार्त आणि गासेंदी चक्क फारसीत उतरवले.

रक्ताभिसरण समजावताना बर्निए खानासमोर जिवंत बकरी-मेंढी चिरून दाखवी. तेव्हा घरचे पंडित भेदरून पळत. हे त्याने स्वतःच लिहिले आहे, पंडितांचे शरीरज्ञान किती कच्चे याचा दाखला म्हणून. त्याचे अगदीच चुकले असे नाही. हार्वेने १६२८ मध्ये रक्ताभिसरण मांडले तेही चिरफाडीच्याच आधारे. पण बर्निएच्या गुरूच्या मते तर ती बकरी यंत्र नव्हती! मग पळणारे पंडित अडाणी होते, की गासेंदी त्यांनाच जास्त कळला होता?

स्पिनोझाने याला सरळ उत्तर दिले. त्याचे ‘एथिक्स’ १६७७ मध्ये निघाले. भूमितीसारखी प्रमेयावर प्रमेये रचून त्यात नीती सिद्ध केली आहे. जनावरांना संवेदना असते, हे तो मानतो. तरी त्यांना मारू नये हा नियम त्याला पोकळ अंधश्रद्धा आणि बायकी कणव वाटते, कारण त्यांचा स्वभाव आपल्याहून निराळा. वर्गात हे सांगितले की मुली चिडतात. चिडावेच. निराळे म्हणून परके, परके म्हणून आपल्या सोयीचे, हा तर्क माणसांच्या बाबतीतही किती वापरला गेला, हे सीमाभागात राहणाऱ्याला कोणी शिकवायला नको.

अकरावीत आम्हाला बेडकाची चिरफाड होती. घरी येऊन मी ऐटीत सगळे वर्णन केले. आईकडची अज्जी तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, “अय्यो पाप!” मी मराठी बाण्याने भांडायला उठलो, “पाप कसलं, अभ्यास आहे तो!” ती हसली. “तुला नाही रे म्हटलं. त्या कप्पेची कीव आली.” कानडीतले पाप हे असे; पंचविशी येईपर्यंत माझ्या ते नीट ध्यानात आले नव्हते.

थोड्या वेळाने सुपातून मान वर न करताच तिने विचारले, “आणि बघून झाल्यावर परत शिवलं का रे तिला?”

मी काहीच बोललो नाही.