कुत्र्याचे कूळ : लांडगा सख्खा, तरस मात्र परके

नगरहून पाथर्डीकडे जाताना तिसगाव लागते. हा सारा कमी पावसाचा मुलूख. माळावर मेंढरांचा वाडा बसला की राखणीला कुत्रे आणि मनात लांडग्याची धास्ती, हे ठरलेलेच. पण राखणारा आणि पळवणारा एकाच कुळातले! या कुळाची माहिती मुलाबाळांनाही व्हावी म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेत या कुळाचा उगम झाला. पहिले प्राणी खोकडाएवढे लहान होते. पुढे हवा कोरडी पडली, जंगले विरळ होऊन गवताळ माळ पसरले. माळावर लपायला जागा नाही, पळावेच लागते. म्हणून पाय लांब झाले, बोटांवर धावण्याची चाल पक्की झाली. कुळाच्या तीन शाखांपैकी दोन नष्ट झाल्या. उरलेल्या शाखेतले प्राणी तेव्हाच्या जमिनीच्या पट्ट्यावरून आशियात आले. आज जगात त्यांच्या सुमारे ३५ जाती आहेत.

आपल्याकडे यातले कोण कोण? लांडगा, कोल्हा आणि कुत्रा हे जवळचे भाऊबंद. खोकड दुसऱ्या फांदीवरचे. ते उंदीर, किडे खाऊन शेतकऱ्याचे कामच करते. सह्याद्री आणि विदर्भाच्या जंगलांतला कोळसून थोडा वेगळा. कुत्र्याला ४२ दात, कोळसुनाला ४०. आणि तरस? ते कुत्र्यासारखे दिसते खरे, पण त्याचे नाते मांजर आणि मुंगसाकडचे. दिसण्यावरून कूळ ठरत नाही, हे शास्त्राने दाखवून दिले.

आपल्या लांडग्याला १८३१ साली विल्यम साईक्स या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने शास्त्रीय नाव दिले. ते त्याने दख्खनमधल्याच प्राण्यावरून दिले. लांडग्यांच्या जुन्यात जुन्या वंशांपैकी हा एक, असे २०२१ सालच्या जनुकीय अभ्यासातून दिसून आले. कुत्रा मात्र आता नामशेष झालेल्या दुसऱ्या एका लांडग्याच्या वंशातून, निदान १४-१५ हजार वर्षांपूर्वी माणसाळला. आपल्याच जिल्ह्यातील दायमाबादला १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला तांब्याचा रथ सापडला. त्या प्राचीन रथाच्या दांड्यावरही कुत्रा उभा आहे!

आज माळ नांगरले जात आहेत, लांडग्याचे हरीण-ससे कमी झाले आहेत. मग तो मेंढरांकडे वळतो. मेंढपाळाचे नुकसान खरेच आहे. पण मेलेल्या मेंढरात विष घालणे हा उपाय नव्हे. ते विष गावचे कुत्रेही खाते, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने लांडगा मारणे गुन्हा आहे. वनखात्याला लगेच कळवून पंचनामा करावा. लांडग्याने मारलेल्या जनावराची भरपाई मिळण्याची तरतूद आहे.

आयाबायांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. कुत्रा, कोल्हा, लांडगा कोणीही चावो, पिसाळरोग जिवावर बेततो. हळद-चुना लावण्यात, मंत्र घालण्यात वेळ दवडू नका. जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करा. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. लस मात्र वेळेवर घेतली तर जीव वाचतो.