प्रबंधाचा हंगाम

मोंढ्यात हंगाम चुकला की वर्ष चुकते, हे जालन्याच्या व्यापारी घरात कोणाला शिकवावे लागत नाही. पीएच.डी.चा हिशेब मात्र या घरांत क्वचितच कोणी मांडतो. मुख्याध्यापिका असलेल्या सूनबाईंना प्रवेश मिळाला की पेढे वाटले जातात. चार वर्षांनी तेच नातलग विचारतात, ‘अजून संपले नाही का?’

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार ही पदवी किमान तीन वर्षांची आहे आणि कमाल मुदत सहा वर्षे. पुनर्नोंदणीने दोन वर्षे वाढतात, महिलांना त्यावर आणखी दोन. प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजाही मिळते. मुदत उदार आहे. तरीही प्रबंध अडतात, ते बहुधा दिवाळीपाशी.

शैक्षणिक नेतृत्व म्हणजे मुख्याध्यापक निर्णय कसे घेतो, शिक्षकांना आणि पालकांना बरोबर कसे नेतो, याचा अभ्यास. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असावेत असे सांगितले. त्या समितीला बोलते कोण करतो, हाही त्याचाच प्रश्न. जालना जिल्ह्यात या नेतृत्वाची खरी कसोटी ऊसतोडीच्या काळात लागते. दिवाळीच्या सुमारास मंठा, घनसावंगी, अंबड भागांतील कुटुंबे कारखान्यांकडे निघतात. मूल आजीजवळ राहावे म्हणून घरोघरी जाणारा, हंगामी वसतिगृह वेळेत सुरू करणारा मुख्याध्यापक त्याच महिन्यांत पाहावा लागतो. तयार प्रश्नावली डाकेने पाठवून केलेल्या प्रबंधात तो सापडत नाही. असे प्रबंध पुष्कळ होतात, ही गोष्ट वेगळी.

आणि नेमके तेव्हाच घरी वहीपूजन, पाहुणे, फराळ. परवानगीपत्रे व मुलाखतीचे प्रश्न दसऱ्यापूर्वी तयार नसतील, तर पुढच्या हंगामापर्यंत थांबणे आले. सहापैकी एक वर्ष गेले.

पुढचे टप्पे त्यामानाने सरळ. संशोधन सल्लागार समितीसमोर दर सत्रात प्रगती मांडायची, साहित्यचौर्याची तपासणी, मार्गदर्शकांखेरीज किमान दोन बाह्य परीक्षक, शेवटी खुली मौखिक परीक्षा. विद्यापीठाने मुभा दिली, तर तिला कुटुंबीयांनाही बसता येते. सासूबाईंनी त्या दिवशी पहिल्या रांगेत बसावेच. पण त्याआधी एका दिवाळीचा फराळ बाहेरून मागवण्यास त्यांनी होकार दिलेला असावा.