अंजिराची फांदी

गच्चीवर सहसा न मिळणारे अंजीर लावायचे, या हौसेपायी मी एका रोपवाटिकेतून ‘स्मर्ना’ जातीचे रोप दीड हजार रुपयांना आणले. झाड वाढले, फळेही धरली. पण सुपारीएवढी झाली की पिवळी पडून गळत. तीन वर्षे मी खतपाण्यालाच दोष देत राहिलो.

खरे कारण वेगळेच होते. अंजीर म्हणजे आत वळलेला फुलोरा. स्मर्ना जातीत एक चिमुकली गांधीलमाशी नर झाडावरचे पराग घेऊन आत शिरली, तरच फळ टिकते. कॅलिफोर्नियातल्या बागायतदारांनाही १८९९ साली ही माशी मुद्दाम आणून वसवावी लागली. माझ्या गच्चीवर ती कुठून येणार? आपल्या पुरंदरच्या अंजिराला तिची गरजच नसते.

तेव्हा मंडळी, दुर्मीळ जात घेताना किंमत नंतर विचारा. माशीवाचून फळ धरते का, ते आधी विचारा. शिवाय रोप विकतच घ्यायला हवे असे नाही. अंजीर फांदीपासून जगते आणि मूळ झाडाचे गुण तसेच उतरतात. बियांपासून ती खात्री नसते. छाटणीत टाकून दिलेली, पेन्सिलएवढी जाड, वीतभर लांब, तीन-चार डोळ्यांची पक्की फांदी मागून घ्या. दोन डोळे मातीत ठेवा. निचरा चांगला हवा, पाणी बेताचे.

सासवडकडच्या एका बागायतदाराने हौसेने लावलेल्या ‘ब्राउन टर्की’च्या चार फांद्या मला फुकट दिल्या. या जातीलाही माशी लागत नाही. तीन जगल्या. गेल्या उन्हाळ्यात घरची अंजिरे खाल्ली. दीड हजारांचे झाड आहे अजून, सावलीपुरते!