विश्लेषण : भिंतीलगत, तारांखाली, पाणथळ कोपऱ्यात… कुठे कोणते झाड लावावे?

पहिला पाऊस पडला की रोपवाटिकांत गर्दी होते. त्याच दिवसांत शहरांतून झाडे कोसळल्याच्या बातम्याही येऊ लागतात. मुळांभोवतीचे काँक्रीट आणि खोदकामात तुटलेली मुळे ही त्यामागची कारणे आहेतच. पण अडचणीच्या जागी भलतेच झाड लावणे ही चूक मात्र रोप घेतानाच टाळता येते.

ही चूक महाग का पडते?

वाढलेले झाड सहजी हटवता येत नाही. ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५’ नुसार शहरी भागात स्वतःच्या आवारातील झाड तोडण्यासाठीही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. त्यामुळे आज रोप कुठे लावले जाते, यावर पुढची अनेक वर्षे अवलंबून असतात.

भिंतीलगत आणि तारांखाली काय लावावे?

वड, पिंपळ, उंबर यांची मुळे भिंतीच्या फटीत शिरतात. मूळचा मादागास्करचा गुलमोहर झपाट्याने वाढतो, पण त्याची मुळे उथळ पसरतात आणि फांद्या ठिसूळ असतात. आडोशासाठी सर्रास लावल्या जाणाऱ्या कोनोकार्पसच्या लागवडीवर गुजरात सरकारने २०२३ मध्ये बंदी घातली. अशा अरुंद पट्टीत पारिजातक, कुंती, तगर, कढीपत्ता, जास्वंद योग्य ठरतात. छाटणी केल्यास ही झाडे १०-१२ फुटांच्या आत ठेवता येतात.

दोन इमारतींमधील सावलीचे काय?

जिथे जेमतेम दोन-तीन तास ऊन येते, तिथे मोगरा, जास्वंद नुसतीच पाने धरतात, फुलत नाहीत. अर्धवट सावली आणि ओलावा असेल तर सीता अशोक तग धरतो. तो सावकाश वाढतो. रस्त्याकडेला सरळ उंच वाढणारा तथाकथित ‘अशोक’ हे वेगळे झाड आहे, त्यामुळे रोप घेताना ‘सीता अशोक’ असे स्पष्ट विचारावे. जागा लहान असल्यास तगर आणि अबोली लावता येतात.

पाणी साचते तिथे काय टिकते?

काळ्या चिकण मातीत पावसाळ्यात पाणी तुंबते आणि मुळांना हवा मिळत नाही. पपई, शेवगा अशा जागी लवकर कुजतात. ओढ्या-नदीकाठी वाढणारी अर्जुन, करंज, जांभूळ आणि महाराष्ट्राचे राज्यफूल असलेली तामण ही झाडे तिथे टिकतात. मात्र ती मोठी होतात, म्हणून इमारतीपासून किमान १५-२० फूट अंतर हवे. कोपरा लहान असेल तर कर्दळ किंवा केळ लावावी. इतर रोपे मातीचा फूटभर उंचवटा करून त्यावर लावावीत.

मुरमाड जमिनीत?

आपटा, बहावा, बोर, कडुनिंब, पांढरा चाफा कमी मातीतही तग धरतात. साधारण ३ फूट खोल खड्डा घेऊन त्यात माती व कुजलेले शेणखत भरावे. पण खाली कातळ असेल तर हाच खड्डा हौदासारखा भरून राहतो आणि रोप त्यात सडते. म्हणून लागवडीआधी खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून पाहावे. दुसऱ्या दिवशीही ते तसेच राहिले, तर तळ फोडावा किंवा जागा बदलावी.

समुद्रालगत?

खाऱ्या वाऱ्याने कोवळी पाने करपतात. उंडी, भेंड, करंज, नारळ हा वारा सोसतात. कुंपणासाठी कण्हेरही चालते, पण तिचे सर्व भाग विषारी असल्याने लहान मुले किंवा जनावरे वावरतात तिथे ती लावू नये.

रोप घेण्याआधी काय पाहावे?

• जागेवर दिवसाला किती तास ऊन येते?
• जोरदार पावसानंतर पाणी किती वेळ साचून राहते?
• वर विजेच्या तारा, खाली जलवाहिनी किंवा मैलाटाकी आहे का?
• पूर्ण वाढलेल्या झाडाची उंची आणि घेर किती असेल?

रोपवाटिकेत शेवटचा प्रश्न क्वचितच विचारला जातो, कारण पिशवीतली सगळी रोपे सारखीच लहान दिसतात. लागवडीनंतर पहिले दोन उन्हाळे नियमित पाणी द्यावे लागते. ते शक्य नसेल, तर चार रोपांऐवजी एकच लावून जगवणे अधिक उपयोगाचे.