रेघ सांभाळणारी फळी

येडशीच्या रामलिंग घाटात जटायूची समाधी दाखवतात. रावणाशी झुंजून पडलेल्या जटायूला पाणी मिळावे म्हणून रामाने इथे बाण मारला, अशी परिसरातली श्रद्धा. त्या बाणाची गोष्ट धाराशिव जिल्ह्यात पोरांनाही ठाऊक असते. धनुष्य कोणत्या लाकडाचे करावे, हे मात्र सुताराकडूनच समजून घ्यावे लागते.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धनुष्यासाठी ताड, वेळू, लाकूड आणि शिंग सांगितले आहे. दोरीसाठी मोरवेल, रुई, ताग, स्नायू आणि पुन्हा वेळू. बांबूची दोरी ऐकून नवल वाटते, पण सातपुड्यातल्या भिल्लांच्या कामठीला, म्हणजे धनुष्याला, बांबूच्या चिपेचीच दोरी असते.

वखारीत धनुष्याची फळी निवडणे हे नजरेचे काम आहे. सहा फूट लांब, दोन इंच रुंद, पाऊण इंच जाड एवढी फळी पुरते. जाणता सुतार ती उन्हाकडे तिरपी धरतो आणि कडेवरची एक रेघ बोटाखाली धरून टोकापर्यंत चालत जातो. रेघ मध्येच कडेबाहेर निसटली की फळी परत थप्पीला. रंग कितीही देखणा असो.

कारण साधे आहे. लाकूड म्हणजे लांब तंतूंची जुडी. दोरी ओढली की धनुष्याची पाठ ताणली जाते, पोट दाबले जाते. पाठीवर तंतू तिरपा कापला गेला असेल, तर तिथूनच चिरफळी उचकटते. करवत सरळ जाते. झाड सरळ वाढतेच असे नाही. पाचर ठोकून फोडलेले लाकूड म्हणूनच भरवशाचे, कारण फाट तंतूच्या वाटेनेच जाते.

जाडीचा हिशेब तर थक्क करतो. रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो, जाडी दुप्पट केली तर आठपट. पाऊण इंचातून जेमतेम दीड मिलिमीटर गेले, तरी ताठपणाचा पाचवा हिस्सा गेलाच. म्हणून रंधा लवकर खाली ठेवायचा, पुढे कानस. चार घासे मारायचे, वाकवून दोन्ही बाजू सारख्या झुकतात का ते पाहायचे, पुन्हा चार घासे.

अडचण लाकडाचीच आहे. वखारीतला सागवान दारे-खिडक्यांच्या मापाने चिरलेला असतो. सर्वांत लवचीक धामण. तिचे संस्कृत नावच धन्वन. कुऱ्हाडीचा दांडा, कावडीची काठी तिचीच चांगली. पण ती वखारीत सहसा येत नाही, आणि रामलिंगचे रान अभयारण्य असल्याने तिथे कुऱ्हाड चालवणे गुन्हा आहे. तो असायलाच हवा. बांधावरची बाभूळ चिवट खरी, पण सहा फूट बिनगाठीची मिळणे कठीण. त्यात फळी ओली निघाली तर वाकते आणि वाकलेलीच राहते. इंचभर जाडीला वर्षभर सावली, हा जुना ठोकताळा मोडायला कोणी धजू नये.

उरतो वेळू. २०१७ मध्ये वन कायद्यात बदल होऊन जंगलाबाहेरचा बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे शेतातला बांबू तोडणे सोपे झाले. कोरड्या रानातली मानवेल ही बांबूची जात बरीचशी भरीव निघते, ही दुष्काळी मुलखाची जमेची बाजू. तिची हिरवी साल तासायची नाही. सगळ्यात दाट तंतू तिच्या लगत असतात, म्हणून ती धनुष्याच्या पाठीला ठेवायची. तोड पावसाळा सरल्यावर करायची. नाहीतर आतल्या पिष्टासाठी भुंगा शिरतो आणि पेऱ्याजवळच्या बारीक छिद्रातून पिवळसर पीठ गळू लागते. ते दिसले, की त्या कामठ्याला दोरी चढवायची नाही.