तळहातावरची जादू : तेन्काई इशिदा यांचा वारसा

तळहातात पत्ता दडवण्याची एक विशिष्ट रीत जगभरातील जादूगार आजही ‘तेन्काई पाम’ या नावाने ओळखतात. ज्यांच्यामुळे हे नाव रूढ झाले ते जपानी जादूगार तेन्काई इशिदा (१८८९–१९७२) सामान्य प्रेक्षकांना फारसे परिचित नाहीत. हस्तलाघवाचा अभ्यास करणाऱ्यांमध्ये मात्र त्यांचे नाव आदराने घेतले जाते.

जपानमधील नागोया येथे जन्मलेल्या इशिदा यांची जडणघडण भव्य रंगमंचावर झाली. शोक्योकुसाई तेनइची यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेचा दौरा करून जपानी जादूला पाश्चात्त्य प्रेक्षक मिळवून दिला होता. त्यांच्या शिष्या तेनकात्सु यांनी पुढे स्वतःची मोठी मंडळी उभारली. नेपथ्य, संगीत, नृत्य आणि सहकाऱ्यांचा ताफा हे या मंडळीचे वैशिष्ट्य होते. इशिदा याच मंडळीचे कलावंत होते.

१९२४ मध्ये तेनकात्सु यांची मंडळी अमेरिकेच्या दौऱ्यावर गेली. दौरा आटोपून मंडळी मायदेशी परतली, तेव्हा इशिदा आणि त्यांच्या पत्नी ओकिनु यांनी तेथेच राहण्याचा निर्णय घेतला. मंडळीचे नेपथ्य आणि मनुष्यबळ आता पाठीशी नव्हते. ओकिनु यांच्या साथीने त्यांनी स्वतःचा कार्यक्रम उभा केला. पत्ते, नाणी यांसारख्या हातात मावणाऱ्या वस्तू आणि त्या हाताळण्यातील विलक्षण सफाई यांवर त्यांची ख्याती आधारलेली होती.

‘क्लोज-अप मॅजिक’ या प्रकारात प्रेक्षक हाताच्या अंतरावर असतो. पडदा, प्रकाशयोजना किंवा अंतर यांचा आडोसा जादूगाराला मिळत नाही. अशा वेळी वस्तू दडवण्यापेक्षा हात रिकामा आणि सहज दिसणे अधिक कठीण असते. हात आखडला, बोटे जुळून राहिली, तर प्रेक्षकाला शंका येते. ‘तेन्काई पाम’चे महत्त्व येथे स्पष्ट होते. या पद्धतीत पत्त्याची कड अंगठ्याच्या मुळाशी धरली जाते. त्यामुळे बोटे मोकळी राहतात आणि हात नैसर्गिक भासतो. मात्र बाजूने पाहणाऱ्याला पत्ता दिसू शकतो. म्हणून प्रेक्षक कोठे बसला आहे, याचे भान जादूगाराला सतत ठेवावे लागते. दोन्ही हातांत एकेक नाणे घेऊन त्यांपैकी एक अदृश्यपणे दुसऱ्या हातात पोहोचवण्याचा ‘तेन्काई पेनीज’ हा प्रयोगही त्यांच्याच नावाने प्रसिद्ध आहे.

नावाशी जोडलेल्या या श्रेयाला जादूच्या क्षेत्रात विशेष मोल आहे. स्वामित्वहक्क कायदा पुस्तकातील शब्दांना संरक्षण देतो; युक्तीमागील कल्पनेला नाही. शिवाय स्वतःची युक्ती सिद्ध करण्यासाठी ती जाहीर करावी, तर तिचे रहस्यच उरत नाही. त्यामुळे कोणती रीत कोणाची, याची नोंद जादूगारांनी परस्परांच्या सचोटीवर विसंबून जपली आहे. इशिदा यांच्या निधनानंतर १९७४ मध्ये जेराल्ड कॉस्की आणि अर्नोल्ड फर्स्ट यांनी त्यांच्या प्रयोगांवर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. त्यामुळे त्यांच्या कामाची लेखी नोंद अभ्यासकांना उपलब्ध झाली.

तीन दशकांहून अधिक काळ परदेशी व्यतीत केल्यानंतर इशिदा १९५८ मध्ये जपानला परतले. जपानमध्ये ‘तेझुमा’ या पारंपरिक जादूचा वारसा पूर्वापार होता. त्या नावातच ‘हात’ हा शब्द आहे. पाश्चात्त्य हस्तलाघवाचा दीर्घ अनुभव घेऊन आलेले इशिदा तेथील नव्या पिढीसाठी मार्गदर्शक ठरले. त्यांच्या नावाने जपानमध्ये जादूगारांसाठी पुरस्कारही सुरू झाला.

भारतीय वाचकांच्या स्मरणात जपान आणि जादू यांचा संबंध एका दुःखद घटनेने कोरला गेला आहे. भव्य रंगमंचीय मायाजालासाठी ख्यातकीर्त असलेले पी. सी. सरकार यांचे ६ जानेवारी १९७१ रोजी जपानमधील होक्काइदो बेटावर, दौऱ्यावर असतानाच निधन झाले. पुढच्याच वर्षी इशिदा यांनीही जगाचा निरोप घेतला. सरकार यांची जादू हजारोंच्या सभागृहाला व्यापणारी होती. इशिदा यांची जादू तळहातापुरती. तो तळहात रिकामाच आहे, असे जवळून पाहणाऱ्यालाही वाटावे, यासाठी मात्र त्यांना आयुष्यभराची साधना करावी लागली.